भुईखालची कीड

हुमणी लागलेले भुईमुगाचे झुडूप ओढले तर जोर न लावता वर येते, कारण त्याला धरून ठेवायला मुळेच उरलेली नसतात. पाने मात्र चार दिवस आधीपर्यंत बऱ्यापैकी हिरवी असतात. मावा, तुडतुडे किंवा पाने खाणारी अळी डोळ्यांसमोर वाढते. हुमणी, वाळवी, रोपे कुरतडणारी अळी, केळीच्या कंदातला सोंडकिडा आणि मुळांतले सूत्रकृमी यांचे काम आटोपत आले की मगच ते वरून कळते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या भुईमूग, बाजरी, मका, कपाशी, ऊस, केळी या पिकांना यांतली कुठली ना कुठली कीड जुनीच आहे. गेल्या काही वर्षांत बदलले आहे ते औषधांचे चित्र. पिढ्यान्पिढ्या हाताशी असलेली औषधे बंद झाली, नवी आली, त्यांच्या मात्रा आणि वापरण्याच्या रीती वेगळ्या आहेत, आणि जुन्या सवयी मात्र तशाच राहिल्या आहेत. ही पुस्तिका त्यासाठी आहे. या प्रस्तावनेत तिच्यामागचा एकच विचार सविस्तर मांडायचा आहे. तो असा, की भुईखालच्या किडीच्या बाबतीत औषधाचा धोक्याचा वापर आणि वाया गेलेला वापर बहुधा एकच असतो. किडीपर्यंत न पोहोचलेले औषध नाहीसे होत नाही. ते विहिरीत जाते, वैरणीत जाते, शेंगेत जाते, टाकणाऱ्याच्या हातावर राहते. कीड मारायची तर थोडा धोका पत्करावाच लागतो, ही कृषी केंद्राच्या फळीपासून बांधापर्यंत पसरलेली समजूत या किडींना तरी लागू पडत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

हुमणीचा जीवनक्रम पाहिला की हे म्हणणे लगेच पटावे. खान्देशातल्या हलक्या ते मध्यम जमिनींत प्रामुख्याने आढळणारी जात होलोट्रिकिया सेराटा ही आहे. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या उसात त्रास देणारी ल्युकोफोलिस ही वेगळी. होलोट्रिकियाची वर्षाला एकच पिढी होते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की जमिनीत दडलेले तपकिरी भुंगेरे अंधार पडता पडता बाहेर येतात, कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात, रात्री पाला खातात आणि उजाडण्याआधी पुन्हा मातीत शिरतात. पाऊस लांबला तर तेही लांबतात. त्यांना तारीख कळत नाही, ओल कळते. एक मादी मातीत सुटी सुटी पन्नास-साठ अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी सुरुवातीला कुजलेला सेंद्रिय पदार्थ आणि तंतुमुळे खाते, मग दोनदा कात टाकून जाडजूड होते. ही तिसऱ्या अवस्थेतली, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट अंगाची आणि तांबूस डोक्याची अळी ऑगस्ट-सप्टेंबरात मुळांचा फडशा पाडते. पावसाळा संपताना ती खोल जाऊन कोषात जाते, आणि कोषातून निघालेला भुंगेरा पुढच्या पावसाची वाट पाहत भुईतच पडून राहतो.

आता या वेळापत्रकाशेजारी आपले औषधाचे वेळापत्रक ठेवून पाहावे. रोपे सुकलेली दिसतात ऑगस्टच्या उत्तरार्धात. दुकानातून दाणेदार औषध येते आणि उभ्या पिकात ओळींमधून फेकले जाते. त्या वेळी अळी पूर्ण वाढलेली असते, आणि कोवळी अळी ज्या मात्रेने मरते तिच्या कितीतरी पट मात्रा तिला लागते. ती वीतभर खाली, मुळांच्या जाळ्यात असते; दाणे असतात वर. पावसाने उघडीप दिली असेल तर ते वरच पडून राहतात, मोठा पाऊस आला तर नाल्याला लागतात. याउलट पेरणीपूर्वी बियाण्याला चोळलेले किंवा पेरताना तासात पडलेले औषध जूनच्या शेवटी, जुलैच्या सुरुवातीला कोवळ्या अळीच्या तोंडाशी असते. मात्रांतला फरक तर बोलका आहे. भुईमुगावरच्या हुमणीसाठी जुनी नेहमीची शिफारस १० टक्के फोरेट हेक्टरी २५ किलो अशी असे. म्हणजे शुद्ध विषाचे वजन अडीच किलो. बीजप्रक्रियेत हाच हिशेब किलोत नव्हे, ग्रॅमांत करावा लागतो. कमी वजन म्हणजे आपोआप कमी विषारी, असे मात्र कोणी समजू नये. काही नवी औषधे ग्रॅमातही मधमाश्यांना घातक आहेत, आणि प्रक्रिया केलेले बियाणे उघडे राहिले तर मोर, तितर, पारवे ते टिपतात. पण बियाणे नीट झाकले गेले की औषध नेमके हवे तिथेच राहते, आणि अडीच किलो विष शेतभर उधळण्याचा प्रश्नच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: थिमेट स्वस्त होते आणि लागू पडत होते, सरकारने ते उगाच काढून घेतले. थिमेट म्हणजे फोरेट, फ्युराडान म्हणजे कार्बोफ्युरॉन. खेड्यात औषधे व्यापारी नावानेच ओळखली जातात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोरडवाहू बाजरी-भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्याला नव्या औषधाच्या एका पुड्याची किंमत खरोखर जड जाते. पण मागचा क्रम आठवावा. याआधी हुमणीवरचा हमखास उपाय म्हणजे बीएचसी पावडर आणि तिच्या जोडीला आल्ड्रिन, हेप्टाक्लोर. तीही स्वस्त होती, तीही अपरिहार्य मानली जात. त्यांचे अंश मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि दुधातुपापर्यंत चढत जातात हे उघड झाल्यावर १९९६-९७ च्या सुमारास भारतात ती बंद झाली, आणि शेती थांबली नाही. त्यांची जागा फोरेट-कार्बोफ्युरॉनने घेतली. ही मातीत तितकी टिकत नव्हती, पण माणसाला फार अधिक विषारी होती. फोरेटची तोंडावाटे घातक मात्रा उंदरांमध्ये वजनाच्या किलोमागे अवघी दोन-चार मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर छापला जाणारा लाल त्रिकोण किलोमागे ५० मिलिग्रॅमपासून खालच्या सगळ्या विषांना लागतो, यावरून ते त्या त्रिकोणातही कुठे बसते ते कळेल. अनुपम वर्मा समितीच्या फेरतपासणीनंतर ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने केंद्र सरकारने १८ कीडनाशके बंद केली. त्यांत फोरेट होते, आणि त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण थांबवायचा होता. सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने कार्बोफ्युरॉनचेही बाकीचे प्रकार बंद करून फक्त ३ टक्क्यांचे वेष्टित दाणेदार रूप ठराविक पिकांपुरते ठेवले. २०२५ च्या मे महिन्यात जिनिव्हात स्टॉकहोम कराराच्या परिषदेने क्लोरपायरीफॉसलाही, काही वापरांना सवलत ठेवून, जगभरातून हटवण्याच्या यादीत घातले. वाळवीपासून हुमणीपर्यंत सगळ्यावर क्लोरपायरीफॉस ओतणाऱ्यांनी ही पावले ओळखून आतापासूनच दुसरी सवय लावून घेतलेली बरी.

फोरेट, कार्बोफ्युरॉन लागू पडत होते, या म्हणण्यातही अर्धेच तथ्य आहे. एकाच जमिनीत दरवर्षी कार्बोफ्युरॉन टाकत गेले की मातीतले काही जिवाणू त्यालाच अन्न करतात आणि पूर्वी कित्येक आठवडे टिकणारे औषध मग थोड्याच दिवसांत फस्त होते. हे अनेक देशांतल्या जमिनींत सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून दिसून आले आहे. शेतकरी म्हणतो, औषधात भेसळ आहे. कधी असतेही. पण पुष्कळदा औषध अस्सल असते आणि ते पचवायला माती शिकलेली असते. मात्रा वाढवली की त्या जिवाणूंचीच बरदास्त होते. फोरेटची गोष्ट उलटी: मातीत त्याचे रूपांतर होऊन तयार होणारी सल्फॉक्साइड आणि सल्फोन ही रूपे मूळ फोरेटपेक्षा अधिक काळ टिकतात आणि तीही विषारीच असतात, पिकात चढतात. भुईमुगाचा पाला खान्देशात जनावरांना घालतात. पिकात चढलेले हे विष कीड मारून झाल्यावर गोठ्यात पोहोचते. कार्बोफ्युरॉनचा एखादा दाणा चिमणीएवढ्या पाखराला पुरेसा असतो. अमेरिकेत त्याचे दाणेदार रूप नव्वदच्या दशकातच मोडीत निघाले, त्यामागे पाखरांचे मृत्यू हेच मोठे कारण होते.

औषध मातीत कसे वागते हे मातीवर अवलंबून असते, आणि खान्देशची माती दोन-तीन बाबतींत अवघड आहे. भारी काळी जमीन उन्हाळ्यात फाटते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाने त्या मिटण्याआधी जमिनीवर ओतलेले द्रावण मातीच्या कणाकणांतून झिरपत नाही. ते भेगेतून सरळ खाली जाते, मुळांच्या थराला चुकवून. खर्च झाला, अळी जागेवर, औषध मात्र भूजलाच्या वाटेला. औषधांच्या स्वभावातही फरक आहे. क्लोरपायरीफॉस पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीला घट्ट चिकटते. वर ओतले तर वरच्या थरातच अडकते आणि खालच्या अळीला त्याची वार्ताही लागत नाही. कार्बोफ्युरॉन, इमिडाक्लोप्रिड यांसारखी पाण्यात बऱ्यापैकी विरघळणारी औषधे पाण्याबरोबर सरकतात. ओलीत बेताचे असेल तर ती मुळांपर्यंत जातात, जास्त झाले तर मुळांच्याही खाली. यावल-रावेरच्या तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात शेती आणि पिणे दोन्ही विहिरी-कूपनलिकांवर आहे. तिथे हा फरक केवळ पुस्तकी राहत नाही.

या ठिकाणी ठिबकाबद्दल सांगितले पाहिजे, कारण जळगावइतके ठिबक आणि केळी यांचे नाते क्वचितच कुठे असेल. द्रव औषध ठिबकातून सोडणे ही तत्त्वतः उत्तम रीत आहे. औषध मुळाशीच पडते, कोणाला पाठीवर पंप घ्यावा लागत नाही, अंगावर तुषार येत नाहीत. पण वीज गेली की पंप थांबतो, नळीतला दाब उलटतो आणि औषधमिश्रित पाणी मागे ओढले जाऊन विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरू शकते. रात्री-अपरात्री येणारी आणि न सांगता जाणारी वीज ज्या भागात गृहीतच धरलेली असते, तिथे उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय ठिबकातून कीडनाशक सोडू नये. हा व्हॉल्व्ह औषधाच्या डब्यापेक्षा महाग नसतो. तो नसेल तर शेतावरचा उत्तम तंत्राचा नमुनाच सगळ्यांत धोक्याचा ठरतो. दुसरी चूक अशी की औषध सोडून झाल्यावर ते नीट मुरावे म्हणून तासन्तास पाणी चालू ठेवतात. केळीची अन्न घेणारी मुळे बहुतांशी वरच्या हात-दीड हात थरात असतात. त्याच्या खाली ढकललेले औषध सूत्रकृमींच्या काही कामाचे नाही.

केळीचे उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे. बसराई, श्रीमंती या वाणांच्या काळात लागवड मुनव्यांनी होई, आणि मुनव्याच्या कंदाबरोबर सूत्रकृमी आणि सोंडकिडाही नव्या शेतात जात. कंद तासणे, औषधी द्रावणात बुडवणे, लागवडीच्या खड्ड्यात दाणे टाकणे, हे सगळे त्या आयत्या पाहुण्यांसाठी होते. गेल्या तीन दशकांत जळगावातच उभ्या राहिलेल्या ऊतिसंवर्धनाच्या उद्योगाने ग्रँड नैनची स्वच्छ रोपे बांधावर आणली. प्रयोगशाळेतून निघालेल्या रोपाच्या मुळांत कीड नसतेच, त्यामुळे खड्ड्यातल्या दाण्यांचे मूळ कारणच निघून जाते. तरीही कित्येक बागांत लागवडीच्या वेळी दाणेदार औषध टाकायची रीत मृगबाग असो की कांदेबाग, चालूच राहते, केवळ वडिलांनी टाकले म्हणून. केळीवर केळी घेतलेल्या जुन्या जमिनीत सूत्रकृमी आधीपासून असतात हे खरे, आणि तिथे औषधाचा विचार करावा लागेल. पण तो मुळे तपासून, माती तपासून. नवे रोप, नवी जमीन आणि तरीही हाताला सवय म्हणून टाकलेला दाणा, हे नुकसानीचे शुद्ध उदाहरण आहे.

तपासण्याचा मुद्दा निघालाच आहे तर तो पुरता सांगून टाकू, कारण वाया जाणाऱ्या औषधाचा मोठा भाग चुकीच्या निदानात जातो. कपाशीची झाडे एकाएकी मान टाकतात. बरेच दिवस ताण पडून नंतर मोठा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिले की ही आकस्मिक मर येते. तिच्यात कीड नाही, रोगजंतूही नाही. रब्बीत हरभरा वाळतो तो बहुधा जमिनीतल्या बुरशीने. केळीचा कंद कुजतो तो जिवाणूंनी. या तिन्ही वेळी ‘हुमणी असेल, वाळवी असेल’ म्हणून कीटकनाशकाचे आळवणे केले जाते, आणि पुढे पाऊस उघडून झाड सावरले तर श्रेय औषधाला मिळते. उकिरड्यात सापडणाऱ्या गलेलठ्ठ पांढऱ्या अळ्यांपैकीही बऱ्याच गेंड्या भुंग्यासारख्या, कुजके शेण खाऊन वाढणाऱ्या किड्यांच्या असतात. त्या मुळे खात नाहीत. त्या दिसल्या म्हणून शेणखताच्या गाडीत विष कालवणे म्हणजे त्या खतातले उपयोगी जीव मारून विष अख्ख्या शेतात पसरवणे. हुमणीचे निदान खुरप्याने होते. सुकलेल्या रोपाभोवती एक मीटर लांब-रुंद जागा वीतभर खणावी आणि अळ्या मोजाव्यात. चौरस मीटरला सरासरी एक अळी सापडली तर उपायाचा विचार करावा, ही सर्वसाधारण मर्यादा आहे. शेतात चार-पाच ठिकाणी खणायला अर्धा दिवस जातो. तेवढा वेळ कोणाला आहे, असे विचारणाऱ्याने औषध आणायला, कालवायला आणि टाकायला जाणारा वेळ आधी मोजावा.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत निर्धोक संधी मात्र अळीच्या अवस्थेत नाही, भुंगेऱ्यांच्या अवस्थेत आहे. वर्षातले साधारण दोन-तीन आठवडे, संध्याकाळचे दोन-तीन तास, ठराविक जातीची झाडे: एवढ्या अरुंद फटीतून ही कीड जमिनीवर येते. कडुनिंब-बाभळीच्या झाडावर सरासरी वीस किंवा अधिक भुंगेरे दिसले तर प्रादुर्भाव होणार असे धरावे, फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत, रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत, प्रकाश सापळे लावावेत. अंडी घालण्याआधी मारलेली एक मादी म्हणजे पन्नास-साठ अळ्यांचा हिशेब मिटला. राजस्थान, गुजरातेत भुईमुगाच्या पट्ट्यांत अशा सामूहिक मोहिमा झाल्या आहेत आणि जयपूरजवळच्या दुर्गापुऱ्याहून चालणाऱ्या हुमणीवरच्या अखिल भारतीय प्रकल्पाचा भर सुरुवातीपासून यावरच राहिला आहे. आक्षेप असा येतो की एकट्याने झाडे हलवून काय उपयोग, शेजारच्या शिवारातून भुंगेरे येणारच, आणि गाव तर एकत्र येत नाही. पहिला भाग बरोबर आहे. भुंगेरा बांध ओळखत नाही. दुसऱ्या भागाला मात्र धुळे जिल्ह्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे. पांझरेच्या काठी साक्रीकडच्या गावांनी फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी, पिकाची निवड आणि पाळीचा क्रम शतकानुशतके एकत्र ठरवला. पाण्यासारख्या भांडणाच्या विषयात जे जमले ते पंधरा संध्याकाळच्या कामात जमणार नाही, असे मानायला कारण नाही. अडचण आहे ती आठवणीची. भुंगेरे उडतात तेव्हा सगळे पेरणीच्या धांदलीत असतात आणि नुकसान अजून दोन महिने लांब असते. ग्रामपंचायतीने किंवा कृषी सहायकाने पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी दवंडी द्यावी, एवढ्यावर हा उपाय अडलेला आहे. झाडांवर कीटकनाशक फवारण्याचा पर्यायही सुचवला जातो. रस्त्याकडेच्या निंबावर उंच फवारा मारताना तो फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतो, शिवाय खालून माणसे-गुरे जातात, म्हणून तो शेवटचा धरावा.

दुसऱ्या बाजूनेही आक्षेप येतो: मग कीटकनाशक हवेच कशाला? मेटारायझियम ही हुमणीवर वाढणारी बुरशी आहे, हुमणीला मारणारे सूत्रकृमी आहेत, निंबोळी पेंड आहे. सगळे विष बंद करा. या उपायांबद्दल आम्हाला आदर आहे आणि पुस्तिकेत त्यांना बरीच पाने दिली आहेत. पण मेटारायझियमला ओल लागते, सावली लागते, वेळ लागतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून पावसाच्या सुरुवातीला मातीत मिसळले तर ती कोवळ्या अळ्यांवर काम करते आणि जमिनीत टिकून पुढच्या वर्षीही उपयोगी पडते. कोरड्या मातीवर उन्हात भुरभुरली तर ती अळीआधी स्वतः मरते. म्हणजे तिचा योग्य मोसमही जून-जुलै हाच. सप्टेंबरात जी चूक रासायनिक दाण्याची होते, तीच मेटारायझियमची होते, फक्त तिच्याने कोणी दवाखान्यात जात नाही. जिथे हुमणीचा जोर दरसाल आहे तिथे एका वर्षात सगळी भिस्त बुरशीवर टाकून भुईमूग हातचा घालवणारा शेतकरी पुढच्या वर्षी दुप्पट विषाकडे वळतो. बीजप्रक्रिया, मेटारायझियम आणि भुंगेऱ्यांची मोहीम दोन-तीन वर्षे जोडीने चालवून मग विषाचा वाटा कमी करत जाणे, हे आम्हाला अधिक खात्रीचे वाटते.

आता माणसाच्या सुरक्षिततेकडे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. ती घटना फवारणीची होती, मातीतल्या औषधाची नव्हती. पण तिने एक गोष्ट उघडी केली, की विष कोणते घ्यायचे हे ठरवणारा वेगळा आणि ते अंगावर घेणारा वेगळा असतो. खान्देशात दाणे टाकण्याचे काम सालदार किंवा रोजंदारीवरच्या बाया करतात. घमेल्यात खत आणि दाणे हाताने कालवायचे, ओंजळीने पेरायचे, त्याच हाताने दुपारची भाकरी. जळगाव-भुसावळच्या उन्हात रबरी हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालून कोण काम करील, हा आक्षेप निरुत्तर करणारा वाटतो. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच सुरक्षिततेचा सगळा भार कपड्यांवर टाकणे आम्हाला मान्य नाही. उष्ण प्रदेशात संरक्षणाची पहिली पायरी विषाची आणि रीतीची निवड ही आहे. सावलीत, बियाण्याच्या पिंपात, लांब दांड्याने किंवा फिरत्या ड्रमने केलेली बीजप्रक्रिया एका माणसाने तासाभरात आटोपते. त्या तासाभरापुरते हातमोजे कोणीही घालू शकतो. तेच औषध दहा जणींनी दोन दिवस ओंजळीने टाकायचे तर कुठलेच हातमोजे टिकत नाहीत. त्रिकोणाचा रंगही निवडीच्या वेळीच पाहायचा असतो: लाल, मग पिवळा, निळा, हिरवा, असा विषारीपणा उतरत जातो. लाल त्रिकोणाचे औषध हाताने पेरायला देणे हे मालकाच्या अंगावर येणारे कृत्य आहे, असे समाजाने मानायला हवे.

विषबाधा झालीच तर डबा किंवा पाकीट दवाखान्यात न्यावे, हा सल्ला सगळीकडे लिहिलेला असतो; त्यामागचे कारण क्वचितच सांगितले जाते. फोरेट, क्लोरपायरीफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त आणि कार्बोफ्युरॉनसारखी कार्बामेट विषे शरीरातले एकच विकर अडवतात. बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ-घाम सुटतो, छाती भरून येते, आणि ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा डॉक्टरकडे असतो. दुसरा उतारा प्रॅलिडॉक्झिम हा पहिल्या गटासाठी आहे. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड अशा नव्या औषधांची वाट निराळी आहे, आणि त्यांना नेमका उतारा नाही. लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. तेव्हा कोणते विष होते यावर डॉक्टरचे पहिले पाऊल ठरते. नवे ते सौम्य, असे समजून पाकीट फेकून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पाकिटात घडी घातलेले माहितीपत्रक मराठीतही असते, फक्त अक्षर इतके बारीक की ते वाचायला सालदाराच्या डोळ्यांना भिंग लागेल. या पुस्तिकेतली कोष्टके मोठ्या टाइपात छापण्याचा आग्रह त्यातूनच आला. त्यांत दिलेली मात्रा आणि पॅकवरची मात्रा यांत कधी फरक दिसला तर पॅकवरचा लेबल क्लेम खरा धरावा. नोंदणी दरवर्षी बदलते. छापील पुस्तक बदलत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत अवघड. जूनमधले सगळे चुकले, आता सप्टेंबर आहे, रोज नवी रोपे मान टाकताहेत. तेव्हा काय करायचे? भुईमुगात तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून निघून देशभर गेलेला जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, हा वाण तीन-सव्वातीन महिन्यांत काढणीला येतो. लवकर तयार होणाऱ्या अशा वाणांच्या शेंगा भरण्याचा काळ आणि हुमणीची अधाशी अवस्था नेमकी एकत्र येते. पण भुईमुगाची शेंग मातीतच पोसते. टरफलातून ती कॅल्शियम थेट मातीतून घेते, आणि काढणी तीन-चार आठवड्यांवर आलेली असताना त्याच मातीत ओतलेले विष त्या टरफलाशीच बसते, वर पाला वैरणीला जायचा असतो. काढणीपूर्व प्रतीक्षेचा कालावधी अशा वेळी पाळताच येत नाही. म्हणून आमचे उत्तर अनेकांना कठोर वाटेल: काढणीच्या तोंडावरच्या भुईमुगात हुमणीसाठी कीटकनाशक टाकू नये, प्रादुर्भावाचा पट्टा खुंट्या रोवून आखून ठेवावा, वाळलेली रोपे उपटून त्यांखालच्या अळ्या हाताने वेचाव्यात आणि शक्य असेल तर काढणी थोडी अलीकडे घ्यावी. ऊस, केळी अशा लांब मुदतीच्या पिकांत नोंदणी असलेल्या द्रव औषधाचे मुळाशी आळवणे करायला अजून जागा आहे, ओल असताना आणि मोजून. त्याचे तपशील चौथ्या प्रकरणात आहेत. भुईमूग निघाल्यावर आठवड्याच्या आत आखलेल्या पट्ट्याची नांगरट करावी, कारण अळ्या अजून फार खोल गेलेल्या नसतात आणि नांगरामागून येणारे बगळे, कावळे, साळुंक्या त्यांतल्या बऱ्याच उचलतात. पट्ट्याच्या जवळची कडुनिंबाची, बाभळीची, बोरीची झाडे मोजून त्यांची संख्या वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वळवाच्या संध्याकाळी किती माणसे लागतील ते त्या आकड्यावरून ठरवता येते.